तीन वाट्या, लोकरीच्या गोट्या

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होत नव्हता. आमच्या घरात माझ्या आधी कुणी सही केलेली नाही. वडिलांचा म्हणजे आबांचा अंगठा, आईचा अंगठा आणि त्याखाली माझी नवी-नवी सही, असं आमचं घर आहे. आठवणी लिहिणाऱ्यांनी मोठी माणसं पाहिलेली असतात, मोठ्या गोष्टींत भाग घेतलेला असतो. मी त्या वर्षांत औरंगाबादेत होतो, एवढंच. शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते, वाळूजकडे माळरानावर कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी वाढत होत्या, आणि मी बेगमपुऱ्यातल्या एका खोलीत बसून वाटीखाली गोटी लपवायला शिकत होतो. याला आठवण म्हणावं का, हेही मला नक्की ठाऊक नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी माफ करावं. जादूचे खेळ करणाऱ्यांनीही करावं. त्यांचं गुपित मी फोडणार नाही, तेवढं मला समजतं.

मागच्या महिन्यात खालाचा निरोप आला म्हणून त्या गल्लीत गेलो. मकाई दरवाज्यातून पलीकडं गेलं की डाव्या हाताला भट्टी आहे, तिथल्या नानचा वास आधी येतो. मग उघड्या गटारीचा. मग अगदी गल्लीच्या तोंडाशी, का कोण जाणे, ओल्या चुन्याचा. तिन्ही वास जागच्या जागी होते. खाला, म्हणजे आमची घरमालकीण, उंबऱ्यातल्या बाजेवर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी तिनं मला पायांच्या आवाजावरून ओळखलं.

"आया क्या रे बेटा? कित्ते दिनां के बाद आया! ये तेरा सामान ले के जा. रोड चौड़ा होने वाला है बोलते, सामने का कमरा जाता अब."

सामान म्हणजे एका फडक्यात बांधलेल्या तीन वाट्या. खोली सोडून मी विद्यापीठाच्या वसतिगृहात गेलो, तेव्हा त्या तिच्या ट्रंकेत ठेवून दिल्या होत्या. ॲल्युमिनियम काळवंडलं होतं. एका वाटीच्या आत लोकरीचा एक केस चिकटून राहिला होता. मी ती वाटी नाकाशी धरली. काहीच वास आला नाही.

पूर्वी यायचा. दोन वास यायचे. एक आमच्या मेंढरांचा आणि एक मच्छिंद्रच्या कारखान्याचा.

मच्छिंद्र माझ्या खोलीतला जोडीदार. पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यातला, बौद्धवाड्यातला. आयटीआयला टर्नर होऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लागला होता. मी गंगापूर तालुक्यातला धनगर, बीएच्या पहिल्या वर्षाला. खालानं खोली देताना आम्हाला जात विचारली नव्हती. दोघं रात्री किती वाजता दिवा घालवता, एवढंच विचारलं होतं. मच्छिंद्र मला नावानं हाक मारत नसे, 'कॉलेज' म्हणे. "ए कॉलेज, पाणी आलंय." "ए कॉलेज, रॉकेल संपलं." त्याच्या हातांना लेथवर सोडतात त्या दुधाळ तेलकट पाण्याचा वास असे. साबणानं जायचा नाही. तो भाकरी मोडायचा तेव्हा भाकरीलाही तो वास लागायचा.

खेळ आम्ही पहिल्यांदा मोंढ्यातल्या रविवारच्या बाजारात पाहिला. एक म्हातारा मदारी भुईवर गोणपाट टाकून बसला होता. पुढे लाकडाच्या तीन उपड्या वाट्या, प्रत्येकीच्या डोक्यावर धरायला बोंड. कापडाची एक गोटी या वाटीखाली ठेवायचा आणि त्या वाटीखालून काढायचा. गर्दी हसत होती. मच्छिंद्र हसत नव्हता. तो खाली वाकून, तोंड उघडं टाकून बघत होता. खेळ संपला, मदाऱ्यानं गोणपाट झटकलं, तरी तो उठेना.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. असं काहीतरी यायला पाहिजे माणसाला," तो म्हणाला. "शिफ्ट करून मरायचं का नुसतं?"

त्यानंतर जितके रविवार त्याला सकाळ मोकळी सापडली, तितके आम्ही बाजारात जाऊन उभे राहिलो. मदाऱ्यानं आम्हाला ओळखलं. शिकवलं काही नाही. एकदा फक्त म्हणाला, "देखते रहो, देखने का पैसा नहीं लगता." आम्ही बघत राहिलो. घरी येऊन मच्छिंद्र चहाचे कप उपडे घालून बघायचा. कानामुळे ते एका बाजूला कलंडायचे.

मग त्यानं वाट्या केल्या. कारखान्यातल्या भंगारात पडलेला ॲल्युमिनियमचा एक गोळा त्याच्या फोरमननं त्याला देऊन टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत तो थोडा-थोडा कातायचा. तीन वाट्या व्हायला पंधरवडा गेला असेल. रोज घरी आला की मी विचारायचो, "किती झालं?" आणि तो बोटांनी हवेत आकार दाखवायचा. शेवटच्या दिवशी त्यानं डब्याच्या पिशवीतून त्या एकेक काढल्या, माझ्यासमोर मांडल्या. आरशासारख्या चकचकीत. एकीत दुसरी घातली की हलकासा 'टक्' असा आवाज यायचा. तो आवाज आम्ही किती वेळा ऐकला असेल. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी.

गोट्या मी केल्या. कापडाच्या गोट्या आधी करून पाहिल्या, त्या निसटायच्या. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आबांजवळची कोकराची लोकर मूठभर आणली. ती कोमट पाण्यात भिजवून, साबण लावून, दोन तळव्यांत वळत राहिलं की घट्ट होत जाते. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही. लहानपणी चेंडू असेच केलेले असतात. काळ्या लोकरीच्या तीन झाल्या आणि चुकून एक जास्त झाली. चौथी गोटी मच्छिंद्रनं उचलून वासाला धरली.

"तुझ्या आबाचा वास येतो," तो म्हणाला.

"तू कुठं बघितलाय माझा आबा?"

"बघितला नाय. पण असाच असल."

लोकरीची गोटी तळव्यात बसते. दाबावी लागत नाही, आपली आपणच धरून राहते. हात मोकळा दिसतो. आबा चालता-चालता चातीवर सूत कातायचे, तेव्हा डाव्या मुठीत लोकरीचा पेळू असाच लपलेला असायचा आणि त्याच हातानं ते मेंढराला वळवायचे, बिडी पेटवायचे, मला चापट मारायचे. मला हे आधी कधी दिसलं नव्हतं. वाट्यांमुळं दिसलं. मच्छिंद्रच्या बोटांना लेथची सवय. ती ताठ आणि नेमकी. लोकर त्याच्या मुठीतून बाहेर डोकावायची. माझ्या हातात मात्र ती राहायची. म्हणून हात माझे ठरले आणि बोलणं त्याचं. माझं बोलण्याचं काही खरं नव्हतंच. कॉलेजात हजेरी घेताना 'यस सर' म्हणायचं असायचं, तेवढंच मी दिवसभरात बोलायचो.

हात जमले, पण डोळे जमेनात. आमची पहिली प्रेक्षक खाला. ती बाजेवर बसून पान लावायची आणि मान वर न करता सांगायची, "बीच वाली में है." बरोबर असायचं. दुसऱ्यांदा, "तीनों खाली है, तेरे हाथ में है." तेही बरोबर. आठवडाभर हेच. मच्छिंद्र वैतागला.

"खालाजान, तुम कैसे पकड़ते?"

"मैं हाथ काय को देखूं?" खाला म्हणाली. "ये बच्चा जिधर देखता, उधरीच रहती ना."

ती खरं सांगत होती. कळपात जे मेंढरू दिसत नाही, नजर तिकडंच जाते. समोर शंभर चरत असले तरी ओढ्यात उतरलेल्या एकाचीच काळजी. लहानपणापासून आम्हाला हेच शिकवलेलं. खेळात मात्र लपलेल्याकडं बघायचं नसतं. जिथं काही नाही, तिथं जीव लावून बघायचं असतं. मला हे फार अवघड गेलं. मच्छिंद्र समोर बसून टाळी वाजवायचा, "डोळे वर, कॉलेज! माझ्याकडं बघ. तुझं मेंढरू कुठं जात नाय, मी हाय इथं!"

खालाच्या तोंडून शेवटी एके दिवशी "बाएं वाली" निघालं. वाटी रिकामी होती. तिनं पानाचं तबक बाजूला ठेवलं, वाटी हातात घेतली, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "बदमाश है दोनों." त्या दिवशी तिनं आम्हाला खिचडी आणि चिंचेचं आंबट पाणी दिलं.

मग बोलणं बसवायचं होतं. मदाऱ्याचं बोलणं आपलं नको, असं मच्छिंद्रचं म्हणणं. त्यानं वाट्यांना नावं दिली. एक गंगापूर, एक पैठण, मधली चिकलठाणा. गोट्या म्हणजे प्रवासी. तो उभा राहून, एक हात कमरेवर ठेवून, कंडक्टरच्या सुरात सुरू करायचा: "हा बघा गंगापूरचा पाव्हणा. एसटीत चढला नाय. जीपला लोंबकळला नाय. तिकीट काढलं नाय. अन् उतरला कुठं? पैठणला! धरणावर मासे खायला!" मी वाटी उचलायची, गोटी पैठणात. "आता म्हणता, पैठणात कशाला? तर म्हणं सासुरवाडी हाय. पण बायको म्हणली, नोकरी धरा. मग काय? चिकलठाणा!" मधली वाटी उचलायची.

त्यात एक जागा अशी होती की मला तोंड उघडावंच लागायचं. तिन्ही गोट्या लोकांना मोजून दाखवायच्या. मच्छिंद्र म्हणायचा, "आमचा जोडीदार मुका नाय, कॉलेजात शिकलाय, मोजून दाखवल." आणि मी पहिली गोटी ठेवून म्हणायचो, "लाभ."

पहिल्यांदा हे आपोआप तोंडातून आलं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आमच्यात संध्याकाळी मेंढरं मोजतानाही तसंच. लाभ, दोन, तीन. 'एक' म्हटलं की एकावरच थांबतं, असं आबा सांगत. मच्छिंद्र हसून गडबडा लोळला.

"अरे, बीए करतो तू! एक म्हण, एक!"

मी दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा 'लाभ' आलं. पाच-सहा वेळा तेच. मला रडू यायची पाळी आली. हसता-हसता मच्छिंद्र एकदम थांबला. "थांब," तो म्हणाला. "मी आत्ता हसत होतो, तवा तुझ्या उजव्या हाताकडं बघत नव्हतो." मग त्यानं मला तसंच पुन्हा करायला लावलं. त्या हसण्याच्या वेळात माझा हात काय करायचा, ते मी इथं लिहीत नाही. पण आमचा खेळ त्या दिवशी उभा राहिला. जे चुकत होतं ते तसंच ठेवलं आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती बसवलं.

त्या काळात शहर मध्येच बंद व्हायचं. भिंतींवर निळी अक्षरं असायची. सकाळी त्यांवर कुणीतरी चुना मारलेला असायचा आणि चुन्यातून निळं पुन्हा वर यायचं. विद्यापीठाच्या दारात पोलिसांची गाडी, तिच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. बंदच्या दिवशी गल्लीत इतकं शांत असायचं की शेजारच्या घरातला हिमरूचा माग ऐकू यायचा. मच्छिंद्र मोर्च्याला जायचा. घसा बसवून यायचा. मी जात नसे. गावाकडं गेलो की पारावरची माणसं नामांतराविषयी जे बोलायची, ते मी खोलीवर कधी सांगितलं नाही. त्याला ते न सांगताही माहीत असावं.

एकदाच आमचं यावर बोलणं झालं. तो गुळण्या करत होता, मिठाच्या पाण्याच्या.

"तुला काय वाटतं रे, कॉलेज?"

"कशाचं?"

"कशाचं काय. पाटीवर आमच्या माणसाचं नाव लागलं, तर तुला काय बोचल का?"

"मला काय बोचायचं?"

"मंग झालं. काढ वाट्या."

आबा एकदा खोलीवर आले होते. वाळूजच्या बाजूला त्यांची चरणीची रानं कारखान्यांनी घेतली होती, त्यासंबंधी कुठल्या कचेरीत काम होतं. काम झालं नाही. ते येऊन भिंतीला टेकून बसले, चाती काढली आणि कातायला लागले. मच्छिंद्रनं त्यांच्यासमोर वाट्या मांडल्या. मी हात चालवले, तो बोलला. आबांनी सगळा खेळ बघितला. गोटी हातात घेऊन दाबली.

"ही आपल्या कपिलीच्या कोकराची," ते म्हणाले.

"आबा, खेळ कसा वाटला?" मच्छिंद्रनं विचारलं.

"चांगलाय की. पण पोट भरतं का याच्यावर?"

"पोट लेथवर भरतं आबा. हे असंच."

"असंच बी पाहिजे," आबा म्हणाले. मग दोघांनी मिळून बिडी ओढली. रात्री मच्छिंद्रनं स्वतःची वळकटी आबांना दिली आणि आपण गोणपाटावर झोपला.

खंडेनवमीला त्याच्या कारखान्यात आमचा पहिला खेळ झाला. त्या दिवशी यंत्रं बंद असतात. लेथला झेंडूच्या माळा, ड्रिलिंग मशीनला कुंकू, भुईवर सांडलेल्या तेलावर रांगोळी. कामगारांच्या बायका-पोरं नवे कपडे घालून आपला माणूस कुठं उभा राहतो ते बघायला आलेली. उदबत्ती आणि तेल यांचा एकत्र वास मला तिथं पहिल्यांदा कळला. लाकडी पेट्यांवर फळी टाकून आमचं टेबल. त्यावर चादर. मच्छिंद्र बोलत सुटला. 'लाभ' म्हटल्यावर पहिल्यांदा बाया हसल्या, त्यांना खळं माहीत होतं. मग त्या हसतात म्हणून बाकीचे. शेवटी गंगापूरखाली लिंबू, पैठणखाली कांदा आणि चिकलठाण्याखाली हा मोठा पोलादी नट निघाला. फोरमननं तो नट उचलून सगळ्यांना दाखवला. आम्हाला लाडवांचा एक पुडा जास्त मिळाला. परत येताना सायकलवर डबल सीट, मी मागे, मांडीवर वाट्या. जालना रोडवर ट्रकांची रांग. मच्छिंद्र पुढून ओरडत होता, "ए कॉलेज! तुझ्या गावाला करायचा! बिरोबाच्या जत्रंत!"

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो. मग आठवडाभर मला झोप नव्हती, कारण गावात विचारणार होते, जोडीदार कुणाचा कोण. मच्छिंद्रनंच एकदा वाट्या पुसता-पुसता विषय काढला. "मी येऊ ना? बघ, अडचण असल तर सांग. मी रागवणार नाय." मी म्हणालो, "तू नाही आलास तर मी बोलणार कसा?" तो म्हणाला, "मंग येतो. तुला बोलता येत नाय म्हणून येतो."

जत्रेसाठी शेवट नवा बसवला. चिकलठाण्याखालून नटाऐवजी मोसंबी काढायची. वाटीत जेमतेम मावेल अशी मोसंबी शोधायला आम्ही शहागंजातल्या गाड्या पालथ्या घातल्या.

मी दोन दिवस आधी गावी गेलो. मच्छिंद्र शिफ्ट करून जत्रेच्या सकाळी एसटीनं गंगापूरला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं फाट्यावर यायचा होता. मी उन्हं वर यायच्या आत फाट्यावर जाऊन बसलो. एक गाडी आली, त्यात तो नव्हता. मग गाडीच आली नाही. दुपारच्या सुमाराला एक सायकलवाला म्हणाला की शहरात काहीतरी झालंय, एसट्या बंद केल्या. काय झालं ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. जीपांचं येणंही थांबलं. रस्ता इतका मोकळा झाला की त्यावर चिमण्या उतरल्या. गावातून मला बोलावणं आलं, कार्यक्रमाची वेळ झाली होती.

मी एकट्यानं खेळ केला. माईकचा दांडा वाकवून तोंडासमोर आणला. माझं बोलणं मला येत नव्हतं म्हणून मी त्याचं बोललो, कंडक्टरच्या सुरात, एक हात कमरेवर ठेवता येत नव्हता तरी. "एसटीत चढला नाय, जीपला लोंबकळला नाय," म्हटल्यावर माणसं फार हसली, कारण त्या दिवशी एसट्या बंदच होत्या. भंडारा उधळलेला, पिवळी धूळ वाट्यांवर बसत होती. भोंगा एका लिंबावर बांधलेला, माझा आवाज मलाच लांबून परत येत होता. डोळे वर ठेवायचे होते. मी ते फाट्याच्या रस्त्याकडं ठेवले. खेळ चुकला नाही. मोसंबी निघाली तेव्हा टाळ्या पडल्या. नारळ आणि उपरणं दिलं. घरी आलो तेव्हा आबा मेंढरं घेऊन अजून आले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी आले. लांब गेलो होतो म्हणाले.

एसट्या सुरू झाल्यावर खोलीवर आलो. मच्छिंद्रची वळकटी नव्हती. डबा नव्हता, खुंटीवरचा शर्ट नव्हता. खाला म्हणाली, "उसका कोई भाई आया था. सामान ले गया. मुंह नई खोला उनो." कारखान्याच्या गेटवर विचारलं, वॉचमन म्हणाला, काम सोडलं. पैठणच्या गाडीनं त्याच्या गावी गेलो. घराला कुलूप. शेजारच्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कोण तुमी? कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. तिनं सुपातलं धान्य पाखडायला घेतलं आणि पुन्हा मान वर केली नाही.

मला फार काही कळायला नको होतं. तो त्या दिवशी निघाला होता का, एवढंच. निघालाच नसेल, तर त्यानं माझ्याबद्दल, माझ्या गावाबद्दल काही ठरवलं होतं आणि त्याचं बरोबरही असेल. निघाला असेल, तर वाटेत त्याचं काय झालं? दोन्हींतलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नसे. बीए झाल्यावर मी खोली सोडली. वाट्या खालाकडं ठेवल्या. खेळ पुन्हा केला नाही. कॉलेजात मात्र मी उभा राहून बोलायला लागलो होतो. पहिल्या वेळी सर म्हणाले, "अरे, तुला आवाज आहे की!"

मग विद्यापीठाचं नाव बदललं, म्हणजे वाढवलं. त्या दिवशी विद्यापीठाच्या दारात माणसं मावत नव्हती. निळा गुलाल, ढोल, खेड्यापाड्यांतून आलेल्या म्हाताऱ्या बाया पाटीला हात लावून तो हात डोळ्यांना लावत होत्या. मी तेव्हा एमएला तिथंच होतो. मीही उभा राहिलो. कुणीतरी माझ्या कपाळाला निळं लावलं. मी सगळा वेळ चेहरे बघत होतो. उंच, काळसर, एका खांद्यावर पिशवी टाकणारा. तसे पुष्कळ होते.

खालाकडून वाट्या आणल्या, त्याला आता महिना होईल. मी अजून वसतिगृहातच राहतो, तिथल्या टेबलावर त्या दोन दिवस राहिल्या. शेजारच्या पोरानं त्यांतली एक दाढीच्या पाण्याला नेली, ती मागून आणली. मग सुट्टी लागली म्हणून गावी गेलो, तेव्हा पिशवीतून त्याही आल्या. आबा अंगणात कातत बसले होते. मेंढरं आता निम्मी राहिलीत. आईनं पिशवी रिकामी केली, वाट्या खळखळल्या. आबांनी मान वळवली.

"त्यो काय करतो आता?" ते म्हणाले.

"कोण?"

"तुझा जोडीदार. मच्छिंदर."

"माहीत नाय आबा. जत्रंपासनं भेट नाय. तो आलाच नव्हता ना त्या दिवशी."

आबांची चाती थांबली. "आलाच नव्हता? कोण म्हणतं?"

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चाती मांडीवर आडवी ठेवली.

"तू फाट्यावरनं गेला, अन् मागनं तिथं पोरं जमली. आपल्याच गावची, अन् पलीकडची. येणाऱ्याला अडवून नावं-आडनावं इचारत व्हती. काठ्या व्हत्या हातात. म्या माळावर व्हतो. बघतो तर ह्यो गंगापुरापासनं उसाच्या बांधांनी चालत आलेला. लांबनंच वळाकला म्या. आडवा गेलो. म्हणलं, पुढं जाऊ नको लेकरा. माझं घोंगडं टाकलं त्येच्या डोक्यावर, हातात काठी दिली, अन् घेतला मेंढरांत. ती पोरं जवळनं गेली, आबा राम राम म्हणली. त्येनं बी राम राम घातला."

"मला का नाय सांगितलं?"

"त्योच म्हणला, आज सांगू नका, तिकडं भांडत जाईल, त्येला ऱ्हायचंय ह्या गावात. म्या कळवतो म्हणला. म्या म्हणलं, कळवलं आसल."

"त्यानं नाय कळवलं."

"त्येला वाटलं आसल, म्या सांगितलं."

आई दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही हे नवीन होतं.

"मग?" मी म्हणालो.

"मंग काय. रातभर संगं चाललो, सकाळी पैठणच्या वाटंला लावून दिला. पुण्याला जातो म्हणला, मावसभावाकडं. औंदा त्येच्या गावचा एक जण बाजारात भेटला व्हता. बरा हाय म्हणला. लगीन झालंय. माझं घोंगडं अजून त्येच्याकडंच हाय."

आबांनी चाती उचलली. फिरवायच्या आधी पुन्हा थांबले.

"टेकाडावर लई येळ मोडला त्येनं," ते म्हणाले. "भोंग्यावर तुझं चाललं व्हतं. सगळं ऐकू येत व्हतं वरपर्यंत. म्या म्हणलं, चल बाबा, दिवस हाय तवर वढा वलांडू. तर खाली बसला मेंढरांत. म्हणला, थांबा आबा, संपू द्या त्येचं."